बसून लिहिलेले आकडे

तिसरीच्या बाईंचे वडील वीज कंपनीत मीटर वाचायचे. तीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं. खांद्याला झोळी, कानामागे पेन्सिल आणि डोळ्यांपुढे लोकांच्या जिन्याखालचा अंधार. घरी आले की तळपाय गरम पाण्यात सोडून म्हणायचे, "आकडा कसा, उभ्यानं लिहावा. मीटरच्या तोंडाकडे बघून. टपरीवर बसून लिहिलेला आकडा मला लांबून ओळखू येतो."

"तो कसा काय हो, बाबा?"

"अगं, खरं घर कधी सरळ चालतं का? आज पाहुणे, उद्या कुणाला ताप, परवा भांडण झालं म्हणून दिवे मालवून सगळे लवकर निजलेले. खऱ्या घराचा आकडा वेडावाकडा चालतो. बसून लिहिलेला मात्र कवायतीला उभा असल्यासारखा. दोन, तीन, दोन, तीन. आणि लिहिणारा महाआळशी असला तर तोच आकडा, पुन्हा पुन्हा तोच."

वडील गेले, झोळी गेली, पण हे बोलणं बाईंच्या कानात राहिलं. म्हणून शाळेनं 'ऊर्जा महिना' करायचा ठरवला आणि वीज कंपनीनं तिसरीच्या मुलांसाठी मीटरवह्या पाठवल्या, तेव्हा बाईंना माहेरचं माणूस दारात उभं राहिल्यासारखं झालं.

वही चिमुकली, हिरव्या पुठ्ठ्याची. आत तीस दिवसांच्या तीस ओळी. रोज संध्याकाळी सातला घरचा मीटर बघायचा, आकडा लिहायचा, त्यातून कालचा वजा करायचा. खाली बाईंच्या शेऱ्याला जागा. महिन्याच्या शेवटी सगळ्या शाळांमध्ये ज्या घराची वीज सगळ्यात कमी जळेल त्या घराला बक्षीस, आणि त्या शाळेच्या छपरावर उन्हाचे पत्रे. म्हणजे सौर पॅनल. पण हेडसर पहिल्या दिवसापासून 'उन्हाचे पत्रे' म्हणाले आणि मग शिपायापासून सगळे तेच म्हणू लागले.

बाईंच्या वर्गावर पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली एकच पंखा. तो असा फिरायचा, की जणू प्रत्येक फेरीला परवानगी मागतोय.

बाईंनी महिना मनापासून शिकवला. एक डबा काळा रंगवला, एक पांढरा, दोन्हींत पाणी भरून उन्हात ठेवले आणि दुपारी चाळीस बोटं त्यात बुडवून घेतली. "काळा चटका देतोय, बाई!" जुन्या कार्डांची भिरभिरी करून पेन्सिलींना टोचली, मुलांना मैदानभर पळवलं. फळ्यावर दोन खाने आखले: वापरून संपणारं आणि वापरून न संपणारं. कोळसा इकडे, वारा तिकडे. मागच्या बाकावरून हात वर झाला.

"बाई, आमच्या आजीची बडबड कुठल्या खान्यात?"

"न संपणाऱ्यात घाल," बाई म्हणाल्या, "आणि तुझीही तिच्या शेजारीच."

एक गाणंही त्यांनी रचलं. बाईंची आजी हातानं काम करता करता ओळीला ओळ जोडायची, तो चाळा त्यांच्या रक्तात होता. अर्ध्या वर्गानं विचारायचं, अर्ध्यानं सांगायचं:

ऊन कुणाच्या नावाचं?
ऊन आल्या-गेल्याचं.
वारं कुणाच्या मालकीचं?
दार उघडं केल्याचं.

सगळ्यांत खडा आवाज ठिपकीचा. हनुवटीवर तीळ, म्हणून ठिपकी. वाक्य संपलं की पूर्णविराम असा दाबून द्यायची की पेन्सिलीचं टोक मोडायचं, म्हणूनही ठिपकी. वजाबाकीत तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं.

बाराव्या दिवशी बाईंनी वह्या तपासायला घेतल्या. कुणाचे आकडे उड्या मारत होते, कुणाचे रांगत होते. एका वहीत एकदम अकरा युनिटं दिसली, तेव्हा त्या वहीच्या मालकानं आपण होऊन सांगितलं, "मामा आलेत, बाई. ते गरम पाण्यानं दोनदा आंघोळ करतात आणि बाबा दोनदा चिडतात." बाई हसल्या. हे खरं घर.

मग ठिपकीची वही उघडली. ०७२१९. खाली ०७२१९. त्याखाली पुन्हा तेच. बारा ओळी, बारा वेळा एकच आकडा, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी नीट केलेली वजाबाकी: शून्य. शून्य. शून्य.

बाईंच्या डोक्यात वडिलांची टपरी उभी राहिली.

"इकडे ये गं. मीटर झोपलाय का तुमचा?"

वर्ग फिसकन हसला.

"नाही, बाई."

"मग हा आकडा रोज तोच कसा? बसून लिहिलास ना?"

"नाही, बाई. बादली पालथी घालून त्यावर उभी राहते. सातचा भोंगा झाला की बघते."

"रोज?"

"रोज."

"आणि बारा दिवसांत तुमच्या घरी दिवासुद्धा लागला नाही?"

ओठ आत ओढून ठिपकीनं खाली बघितलं, आणि बाईंना ती खोटं पकडल्यावरची मान वाटली. त्यांनी लाल पेननं पानावर आडवं लिहिलं: 'आकडे खोटे आहेत.' वर्गालाही ऐकवलं, "चुकलं तर चालेल, कमी आलं तर चालेल. पण वहीत जे लिहायचं ते खरं. उद्या आईला घेऊन ये."

आई आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. "आईला सुट्टी नाही," एवढंच उत्तर. बाईंनीही एकदा मनात घेतलं की सुटत नसे, हीदेखील वडिलांचीच देणगी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पत्ता विचारत गेल्या.

तीन मजली जुनी इमारत. जिन्याखाली लाकडी फळीवर चार मीटर ओळीनं ठोकलेले, जुन्या पद्धतीचे, काचेआड फिरणारी चकती असलेले. बाई सवयीनं समोर उभ्या राहिल्या. तीन चकत्या फिरत होत्या. चौथीवरची लाल खूण काचेच्या मधोमध उभी होती, टाचणीनं टोचलेल्या किड्यासारखी. वर आकडा: ०७२१९. खालचा फ्यूज कुणीतरी काढून नेला होता. तिथे नुसता खड्डा आणि त्यात कोळ्याचं जाळं.

लांब कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा झाला. वरून बादलीच्या कडीचा आवाज आला. ठिपकी एका हातात बादली, एका हातात हिरवी वही घेऊन उतरत होती. बाईंना पाहून ती एक पायरी थांबली, मग उतरलीच. सात वाजले होते आणि काम काम होतं. तिनं बादली पालथी घातली, वर चढली, काचेवर नाक टेकवून पाचही आकडे ओठांनी वाचले आणि लिहिले. खाली वजाबाकी मांडली. टोक मोडेल इतका दाबून पूर्णविराम दिला.

बाई तिच्या मागोमाग वर गेल्या.

ठिपकीची आई नुकतीच कामावरून आली होती. ती एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. दिवसभर वीस इस्त्र्यांच्या वाफेत उभी, त्यामुळे चेहरा शिजल्यासारखा. खिडकीला लागून चटई, चटईवर पाठ्यपुस्तकं. भिंतीवर बटणांची पट्टी स्वच्छ पुसलेली.

"बसा, बाई. इथे खिडकीत बसा, अजून थोडं दिसतंय." मग तिनं लपवाछपवी न करता सांगितलं. "मीटर ह्यांच्या नावावर होता. दुसरीकडे संसार मांडायला गेले, तेव्हा जाताना अर्ज देऊन गेले, माझ्या नावाची वीज बंद करा. लोक गादी नेतात, पंखा नेतात. ह्यांनी उजेड नेला."

"मग तुमच्या नावावर..."

"जागेचे कागद त्यांच्याकडे. सही त्यांची लागते. दोनदा गेले मी. दुसऱ्यांदा त्या बाईनं दार उघडलं. मग नाही गेले."

"आणि हिचा अभ्यास?"

"उजेड असेतो खिडकी. नंतर जिन्यातल्या दिव्याखाली." आई हसली, पण ते हसू ओठांच्या कडेलाच मावळलं. "मी तिला म्हटलं होतं, लिही गं काहीतरी. शेजारणीचे बघून लिही. तर म्हणाली, बाईंनी सांगितलंय खरं तेच लिहायचं."

खिडकीतून दिवसाचा शेवटचा उजेड चटईवर पडला होता. ऊन कुणाच्या नावाचं, ही स्वतःचीच ओळ बाईंना आठवली. ठिपकी त्यांच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली.

"बाई, वर्गात सांगू नका हं. बाबा परगावी कामाला गेलेत असं मी सांगितलंय."

"नाही सांगणार."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही, बाळा."

"आणि तो लाल शेरा खोडाल?"

बाईंनी तिथेच वही मांडीवर घेतली. शेरा गिरवून गिरवून नाहीसा केला. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून खाली ठळक अक्षरात लिहिलं: 'सर्व आकडे बरोबर आहेत. मी स्वतः मीटर पाहिला आहे.' खाली सही, तारीख. ठिपकीनं वहीवर फुंकर घालून शाई वाळवली. घरी जाताना बाईंना हलकं वाटत होतं. वडील असते तर पाठ थोपटली असती, असंही वाटून गेलं.

त्यानंतर ठिपकीनं उरलेल्या सगळ्या ओळी तशाच उभ्यानं भरल्या. महिना संपला, वह्यांचे गठ्ठे कंपनीच्या गाडीतून गेले. दहा दिवसांनी हेडसर स्वतः वर्गाच्या दारात आले आणि खडू हातात असलेल्या बाईंना त्यांनी जवळजवळ ओढतच ऑफिसात नेलं. तिथे कंपनीचे प्रचार अधिकारी बसले होते, गुळगुळीत दाढीचे, गुळगुळीत बोलण्याचे.

"अभिनंदन, मॅडम! तीस दिवस, शून्य युनिट! सगळ्या शाळांत असं घर नाही. आमच्या ऑफिसात कुणाचा विश्वासच बसेना. मग तुमची सही दाखवली. 'मी स्वतः मीटर पाहिला आहे.' अशी शिक्षिका आणि असं घर!"

बाईंच्या हातातला खडू मोडला.

"साहेब, त्या घराला बक्षीस देऊ नका."

"का? आकडे खोटे आहेत?"

"खोटे नाहीत."

"मग?"

"घरगुती कारण आहे."

"मॅडम, वीज वाचवणं हे घरगुतीच कारण असतं," अधिकारी म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले.

ते फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा हेडसरांनी टेबलावरून वाकून विचारलं, "काय भानगड आहे? आत्ता सांगा. पत्र्यांचा प्रश्न आहे, बाई. तुमच्याच वर्गावर पडणारेत ते. दोन पंखे जास्तीचे बसवून देतो, शब्द."

आणि बाईंनी सांगितलं. दार लोटून, आवाज उतरवून, "हे तुमच्या-माझ्यात" असं तीनदा बजावून सांगितलं. बक्षीस थांबवायचं तर दुसरा मार्ग नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पंख्यांचं ऐकलं नसतं तर सांगितलं असतं का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

हेडसरांनी नीट ऐकून घेतलं. मान हलवली, 'अरेरे' म्हणाले. मग खुर्चीत मागे टेकले.

"म्हणजे खोटं असं काहीच नाही."

"सर!"

"अहो, वीज वापरली का? नाही. आकडा खरा का? खरा. तुमची सही आहे का? आहे. मग पोरीचं बक्षीस आपण का काढून घ्यायचं? बापानं उजेड नेला, आता आपण बक्षीसही न्यायचं?"

त्यातलं कुठलं वाक्य खोडावं ते बाईंना कळेना. अधिकारी आत आले. 'तुमच्या-माझ्यात' होतं ते त्याच मिनिटाला तिघांत झालं. गृहस्थ गंभीर झाले, क्षणभर. मग म्हणाले, "अडचणीचा उल्लेख आपण करणार नाही. आपण म्हणू, या कुटुंबानं स्वेच्छेनं वीज सोडली. किती चांगलं वाटतं बघा. मुलीला दोन ओळी तुम्हीच लिहून द्या, मॅडम. तुमच्यावर तिचा जीव दिसतो."

बाईंनी दोन ओळी लिहून दिल्या. लिहिताना त्या खुर्चीत बसल्या होत्या.

समारंभाला सभागृह भरलं. स्टेजवर भल्यामोठ्या पुठ्ठ्याचा सूर्य, त्याच्यामागे चार हजार वॅटचे दिवे, कारण फोटो नीट यायला हवे होते. तिसरीनं गाणं म्हटलं. "ऊन कुणाच्या नावाचं?" विचारणाऱ्यांत ठिपकी होती, पण आज तिचा आवाज वेगळा ऐकू येत नव्हता. आई पहिल्या रांगेत बसली होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, पदर मुठीत धरून. अधिकाऱ्यांनी तिला स्टेजवर बोलावलं आणि माइकमधून म्हणाले, "या माउलीनं आपल्या इच्छेनं विजेचा त्याग केला." टाळ्या कडाडल्या. आईनं एकदाच बाईंकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बाईंनी तो सोसला असता. तिथे फक्त समजून चुकल्याचा भाव होता.

"आणि तू, बाळ? सांग सगळ्यांना, कसं जमवलंत?"

ठिपकीनं हातातला कागद उलगडला. अक्षर बाईंचं होतं. तिनं वाचलं:

"आम्हांला अंधाराची भीती वाटत नाही. आम्ही सूर्याबरोबर उठतो आणि सूर्याबरोबर झोपतो."

शेवटी ती थांबली, जिथे पूर्णविराम होता तिथे. मग कागदाची घडी घातली, आणखी एक घडी, आणखी एक, बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत.

बक्षिसाचा खोका उघडला गेला. आत टेबलावर ठेवायचा दिवा होता, कमी विजेवर चालणारा, लांब पांढऱ्या वायरीचा. वायरीच्या टोकाला चकचकीत प्लग.

सभागृह रिकामं होताना आईनं तो खोका बाईंच्या टेबलावर आणून ठेवला.

"हा शाळेतच असू दे, बाई. आमच्याकडे भिंतीत नुसती भोकं आहेत."

"मी फक्त हेडसरांना... मला ते थांबवायचं होतं, हो."

"असेल." आईनं पदर सारखा केला. "काल सरांनी तिला बजावलं, वीज तोडल्याचं स्टेजवर बोलायचं नाही. ती रात्री मला विचारत होती, बाईंनी कुणालाच सांगणार नाही म्हटलं होतं ना, मग सरांना कसं माहीत? मी म्हटलं, मोठ्या माणसांना आपोआप कळतं. आता मलाही लिहून द्यायचं असलं काही, तर देऊन टाका."

ती निघून गेली. लॉन्ड्रीत अर्धा दिवस अजून बाकी होता.

पुढचे दिवस वर्गात ठिपकीभोवती घोळका. "ए, टीव्ही नाही बघत तुम्ही? खरंच?" "आवडत नाही आम्हाला." "फ्रीज?" "ताजंच खातो आम्ही." "मग पंखा?" "वारा येतो आमच्याकडे." एक म्हणाला, "आम्ही रविवारी बघायला येऊ, कसं करता ते!" आणि त्याच आठवड्यात कंपनीची दुसऱ्या महिन्याची वही आली, सोबत पत्र: यंदाच्या विजेत्या घरी जाऊन छायाचित्रं काढली जातील, माहितीपुस्तिकेसाठी. हेडसरांनी ते पत्र वर्गात मोठ्यानं वाचलं. ठिपकीनं वहीचा हिरवा पुठ्ठा नखानं खरवडला. रविवारी मुलं गेली, तर दाराला कुलूप होतं. जिन्याखाली मीटर बघायचं कुणाला सुचलं नाही.

बाराव्या दिवशी बाईंनी वह्या तपासायला घेतल्या. छपरावर माणसं चालत होती, पत्रे बसवण्याचं काम चाललं होतं. डोक्यावर ठोक्यांमागून ठोके. आभाळ भरून वर्गात अंधारलं होतं, म्हणून त्यांनी टेबलावरचा तो दिवा लावला. उजेड छान पडला, पांढरा, नेमका वहीवर.

ठिपकीची वही आली. ०७२२१. मग ०७२२४. ०७२२६. ०७२२९. बाईंनी बोट ठेवून खालपर्यंत वाचलं. वजाबाक्या सगळ्या बरोबर. दोन, तीन, दोन, तीन, दोन, तीन. कवायतीला उभे असल्यासारखे. फार कमी नाही, फार जास्त नाही. कुणाच्या नजरेत येणार नाहीत असे.

ठिपकी टेबलाशी उभी होती. हळूच म्हणाली, फक्त बाईंना ऐकू जाईल एवढंच:

"आता बरोबर आहे ना, बाई? आता कुणी टाळ्या नाही ना वाजवणार?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग मान खाली घालून लाल पेन उघडलं आणि लिहिलं: 'बरोबर.' खाली सही, तारीख.

या वेळी ठिपकीनं शाईवर फुंकर घातली नाही. वही मिटून ती जागेवर जाऊन बसली.